मेरी कवेना पुकुई

प्रशांत महासागरांतील हवाई बेटांवर, काऊ प्रांतांत, इ. स. १८९५ मध्यें मेरी पुकुई यांचा जन्म झाला. वडील अमेरिकन, आई हवाईयन. तेथील चालीप्रमाणें ही नात आजीच्या ओटींत घालण्यांत आली. आजी पूर्वीं राणी एमाच्या दरबारांत नृत्य करीत असे. जुनीं गाणीं, कथा, म्हणी नातीनें तिच्याच तोंडून ऐकिल्या. आजी वारली तेव्हां मुलगी अवघी सहा वर्षांची होती!

१८२० मध्यें आलेल्या मिशनऱ्यांनीं हवाईयन भाषा लिहिण्यासाठीं रोमन लिपि योजिली व १८३९ पर्यंत संपूर्ण बायबल तींत छापिलें. परंतु १८९३ मध्यें तेथील राज्य बुडालें, आणि १८९६ च्या कायद्यानें इंग्रजी हेंच शिक्षणाचें माध्यम ठरलें. पुढें शाळेंत हवाईयन बोलल्याबद्दल मेरीलाही शिक्षा झाली. ही हकीकत वाचतांना आम्हां शिक्षकांस मान खालीं घालावी लागते.

मोठेपणीं त्यांनीं होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्यें अनेक वर्षें काम केलें. वृद्धांच्या मुखांतील शब्द, गीतें, आख्यायिका त्यांनीं टिपून घेतल्या. सॅम्युएल एल्बर्ट यांजसह रचिलेला त्यांचा हवाईयन-इंग्रजी कोश १९५७ मध्यें निघाला. १९८३ च्या ग्रंथांत तर २९४२ म्हणी आहेत.

१९८४ मध्यें कौआई बेटावर बालवाडी निघाली; नांव ‘वाणीचें घरटें’. तेथें मुलांशीं हवाईयनच बोलावयाचें. १९८६ मध्यें पुकुईबाई निवर्तल्या. पुढल्याच वर्षीं सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग उघडले. पुस्तकें नव्हतीं; इंग्रजी गोष्टींच्या पानांवर भाषांतराच्या चिठ्ठ्या डकवून शिक्षक व पालक काम चालवीत.