न दिसणारा उजेड

मे महिन्यात मी घोडपदेवला मामाकडे गेलो होतो. तिथे रात्रीसुद्धा इतका उजेड, की चांदण्या मोजक्याच दिसल्या. तेव्हा मामांनी मला विल्यम हर्शेल यांची माहिती सांगितली.

हर्शेल यांचा जन्म १७३८ साली जर्मनीत हॅनोव्हर येथे झाला. पुढे ते इंग्लंडला गेले. तिथे वाद्ये वाजवून पोट भरायचे आणि स्वतः आरसे घासून दुर्बिणी बनवायचे. घासताना हात थांबवता येत नसे, म्हणून बहीण कॅरोलाईन त्यांना घास भरवायची! १७८१ साली त्यांनी युरेनस ग्रह शोधला.

१८०० साली त्यांनी लोलकातून ऊन पाडले. तानापिहिनिपाजा असा पट्टा पडला. तांबड्याच्या बाहेर काहीच दिसत नव्हते, पण तिथल्याच थर्मामीटरचा पारा जास्त चढला. चूल विझली तरी तव्याजवळ हात नेला की धग लागते ना, तसेच ते. त्यांना अवरक्त किरण म्हणतात.

काही दीर्घिकांच्या मधोमध मोठे कृष्णविवर असते. ते भोवतालचा वायू गिळते, तेव्हा खूप झगझगाट होतो. शिवाय धूळ. त्यात नवे तारे कुठे जन्मतात ते साध्या दुर्बिणीतून नीट दिसत नाही, घोडपदेवच्या चांदण्यांसारखेच. अवरक्त किरण मात्र धुळीतून बाहेर येतात, म्हणून शास्त्रज्ञ त्यांच्यावरून शोध घेतात.

हर्शेल १८२२ सालीच वारले. त्यांना हे कळलेच नाही.