दयानंद बांदोडकर

दयानंद बाळकृष्ण बांदोडकर ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर (१२ मार्च १९११ – १२ ऑगस्ट १९७३) हे गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे (मगोप) संस्थापक, खाण-उद्योजक आणि दानशूर गृहस्थ होते. त्यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने विधानसभेच्या लागोपाठ तीन निवडणुकांत सत्ता मिळवली. मात्र गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे, ही पक्षाची मूळ मागणी जनमत कौलात नामंजूर झाली.

पूर्वायुष्य

बांदोडकरांचा जन्म पेडणे येथे झाला. पोर्तुगीज राजवटीत खनिज लोहाच्या व्यवसायात त्यांनी संपत्ती मिळवली. शाळा, मंदिरे आणि गरजू विद्यार्थी यांना ते सढळ हाताने साहाय्य करीत. त्यामुळे राजकारणात येण्यापूर्वीच बहुजन समाजात त्यांच्याविषयी आदर होता.

१९६३ ची निवडणूक

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. त्यानंतर भाषा आणि राजकीय भवितव्य हे दोन प्रश्न पुढे आले. गोवा महाराष्ट्रात जावा, या भूमिकेवर १९६३ मध्ये मगोपची स्थापना झाली. कुळे, शेतमजूर आणि बहुजन समाज हा पक्षाचा मुख्य आधार होता. विलीनीकरणास विरोध करणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाचे नेतृत्व डॉ. जॅक सिक्वेरा यांच्याकडे होते.

डिसेंबर १९६३ मध्ये तीस जागांसाठी पहिली निवडणूक झाली. मगोपला १४, मित्रपक्ष प्रजासमाजवादी पक्षाला २ आणि युनायटेड गोवन्सला १२ जागा मिळाल्या. काँग्रेसला गोव्यात एकही जागा जिंकता आली नाही. बांदोडकरांनी ही निवडणूक लढवली नव्हती. तरीही २० डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि नंतर पोटनिवडणुकीतून विधानसभेवर निवडून आले.

कारभार

त्यांच्या कार्यकाळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा सुरू झाल्या आणि शिक्षणापासून वंचित राहिलेल्या घरांतील मुले शाळेत जाऊ लागली. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण दिले. मराठीला मिळालेल्या या प्राधान्यामुळे कोकणीची उपेक्षा झाली, अशी टीका कोकणीवाद्यांनी केली.

जनमत कौल

विलीनीकरणाचा ठराव गोवा विधानसभेने १९६५ मध्ये संमत केला. तथापि, केवळ विधानसभेतील बहुमतावर निर्णय न घेता जनतेचा थेट कौल घ्यावा, असे केंद्र सरकारने ठरवले. बांदोडकर सत्तेवर असताना मतदान निःपक्षपाती होणार नाही, असा विरोधकांचा आक्षेप होता. डिसेंबर १९६६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला व राष्ट्रपती राजवट लागू झाली.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरणाचा प्रस्ताव फेटाळला गेला.

सत्तेवर पुनरागमन

या पराभवाने बांदोडकरांचे राजकारण संपले, असा अनेकांचा समज झाला. परंतु अवघ्या अडीच महिन्यांत झालेल्या विधानसभा निवडणुकीत मगोपने १६ जागा जिंकल्या. पूर्वी मित्रपक्षासह मिळालेले बहुमत आता पक्षाने स्वबळावर मिळवले. कौलात संपूर्ण गोव्यातील मते एकत्र मोजली गेली होती. विधानसभेत मात्र प्रत्येक मतदारसंघाचा निकाल स्वतंत्र होता आणि मगोपचा पाठिंबा अनेक ग्रामीण मतदारसंघांत पसरलेला होता. शिवाय विलीनीकरणाचा प्रश्न निकालात निघाल्यामुळे शिक्षण, जमीन आणि कारभार हेच विषय मतदारांपुढे उरले.

एप्रिल १९६७ मध्ये बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. १९७० मध्ये पक्षातील काही आमदारांनी त्यांच्याविरुद्ध बंड केले, तरी सरकार टिकले. १९७२ च्या निवडणुकीत मगोपने १८ जागा मिळवल्या. युनायटेड गोवन्सच्या जागा दहावर आल्या.

विधानसभेतील मगोपचे संख्याबळ

• १९६३ : ३० पैकी १४
• १९६७ : ३० पैकी १६
• १९७२ : ३० पैकी १८

निधन व वारसा

मुख्यमंत्रिपदावर असतानाच १२ ऑगस्ट १९७३ रोजी बांदोडकरांचे निधन झाले. त्यांची समाधी पणजीजवळ मिरामार येथे आहे. त्यांच्यानंतर कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या व १९७९ पर्यंत त्या पदावर होत्या.

३० मे १९८७ रोजी गोव्याला स्वतंत्र घटक राज्याचा दर्जा मिळाला. ज्या कौलाने बांदोडकरांचे उद्दिष्ट नाकारले, त्याच कौलाने या राज्याचा मार्ग मोकळा केला होता. त्या राज्याच्या शासनाची आणि ग्रामीण शिक्षणाची सुरुवातीची घडी मात्र बांदोडकरांच्या कारकिर्दीतच बसली.