राणी मारी आंत्वानेत : खरे किती, खोटे किती?

भगिनींनो, फ्रान्सच्या मारी आंत्वानेत राणीचे नाव निघाले की सर्वांना प्रथम केकची गोष्ट आठवते. प्रजेला पाव मिळत नाही असे कोणी सांगितले, तेव्हा मग लोकांनी केक खावा असे ती म्हणाली म्हणे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पण घरचे आवरून दुपारी पुस्तक हाती घेण्याची मला सवय आहे. या राणीविषयी जे वाचले त्यावरून माझे मत असे झाले आहे की, तिने केलेल्या चुका होत्याच, पण न केलेल्या गोष्टींनी तिचा जास्त घात केला.

ती मूळची फ्रान्सची नव्हेच. ऑस्ट्रियाची कर्तबगार सम्राज्ञी मारिया टेरेसा हिच्या पोटी २ नोव्हेंबर १७५५ रोजी व्हिएन्ना येथे ती जन्मली. सोळा भावंडांतली ती पंधरावी. ऑस्ट्रिया आणि फ्रान्स यांचे जुने वैर नुकतेच मिटले होते. तो सलोखा पक्का व्हावा म्हणून १७७० साली ही चौदा वर्षांची पोर फ्रान्सच्या पंधरा वर्षांच्या युवराजाला दिली. माहेरची माणसे सरहद्दीवरून परत फिरली आणि व्हर्सायच्या राजवाड्यात ती एकटी, परक्यांत जाऊन पडली. कालच्या शत्रूची मुलगी म्हणून तेथे आधीपासून नाके मुरडणारे होतेच.

१७७४ साली आजेसासरे पंधरावा लुई देवीच्या रोगाने वारले. नवरा सोळावा लुई म्हणून गादीवर बसला आणि अठराव्या वर्षी ही राणी झाली. लग्नाला सात-आठ वर्षे झाली तरी मूल नव्हते. अशा वेळी बोल कोणाला लागतो हे आपल्याला कोणी सांगायला नको. व्हिएन्नाहून आईची पत्रे यायची, त्यांतही हीच चौकशी आणि उपदेश. शेवटी डिसेंबर १७७८ मध्ये मुलगी झाली. राणीचे बाळंतपण दरबारी मंडळींच्या देखत व्हायचे अशी तेथली रीत. खोलीत इतकी गर्दी उसळली की त्या बिचारीला भोवळ आली!

कपडे, दागिने, केसांचे उंच मनोरे, पत्त्यांचा जुगार, यांत तिने पैसा उधळला हे खरे आहे. व्हर्सायच्या बागेत तिने गाईगुरांसह एक खेळातले खेडे वसवून घेतले होते, तेही उपाशी लोकांच्या डोळ्यांत खुपणारच. पण राज्य कर्जात बुडाले ते मुख्यतः लढायांमुळे, आणि त्यांत अमेरिकेला इंग्रजांविरुद्ध केलेली मदतही आली. राणीचा खर्च त्यापुढे थोडाच होता.

आता केकची गोष्ट. मुळात तो केकही नव्हे, लोणी-अंडी घालून केलेला ब्रियॉश नावाचा मऊ पाव. रूसो या ग्रंथकाराने आत्मचरित्रात ही गोष्ट कोणा एका थोर राजस्त्रीची म्हणून, नाव न देता लिहिली आहे. तो भाग १७६७ च्या सुमारास लिहून झाला होता. तेव्हा आपली राणी व्हिएन्नात अकरा-बारा वर्षांची मुलगी होती. तशीच एक गोष्ट चौदाव्या लुईच्या राणीवरही सांगत असत. म्हणजे गोष्ट जुनी, फक्त नाव नवे चिकटले.

याहून विलक्षण प्रकरण हिऱ्यांच्या हाराचे. पॅरिसच्या जवाहिऱ्यांनी पंधराव्या लुईच्या रखेलीसाठी ६४७ हिऱ्यांचा हार घडवला. किंमत सोळा लाख लिव्र. तो राजा वारला आणि हार अंगावर पडला. त्यांनी तो मारी आंत्वानेतला दाखवला, तिने नको म्हटले. पुढे जान द ला मोत नावाच्या एका बाईने रोआं या कार्डिनलला, म्हणजे मोठ्या धर्मगुरूला, गाठले. राणीची त्याच्यावर मर्जी नव्हती आणि ती मिळवायला तो आसुसला होता. या बाईने राणीच्या नावाने खोटी पत्रे दिली. १७८४ साली एका रात्री व्हर्सायच्या बागेत राणीसारखा वेष केलेली दुसरीच बाई त्याला भेटवली. राणीला गुपचूप हार घ्यायचा आहे असे समजून त्याने तो मिळवून दिला, आणि हिरे सुटे होऊन लंडनच्या बाजारात गेले. पत्रावर राणीची सही होती ती फ्रान्स हे नाव जोडून. खऱ्या राण्या नुसते आपले नाव लिहीत. एवढ्या मोठ्या धर्मगुरूला हे कळू नये?

खटला झाला. ३१ मे १७८६ रोजी कार्डिनल निर्दोष सुटला. जानला डाग देऊन तुरुंगात टाकले, तर ती लंडनला पळाली आणि तेथून राणीवर वाटेल ते छापू लागली. जिने हार घेतला नाही तिच्याच माथी तो बसला.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या बाया पावासाठी व्हर्सायवर चालून गेल्या आणि राजघराण्याला पॅरिसला घेऊन आल्या. १७९१ मध्ये पळण्याचा बेत वारेन गावी फसला. १७९२ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध जुंपले, तेव्हा राणीने फ्रेंच फौजेचे बेत गुप्तपणे माहेरी कळवले. हा दोष मात्र मी पदराआड घालणार नाही. त्यापायी किती आयांची मुले मेली असतील!

स्वीडनचा सरदार फेर्सन याच्याशी तिचे काय नाते होते हा वाद अजून आहे. त्यांच्या पत्रांतल्या ओळी शाईने खोडलेल्या होत्या. फ्रेंच संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांतल्या काही वाचल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध केल्या. शब्द प्रेमाचे निघाले, आणि खोडणारा फेर्सनच असे दिसले. याहून पुढचे त्या दोघांनाच माहीत.

जानेवारी १७९३ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला. जुलैत आठ वर्षांचा मुलगा तिच्यापासून तोडला. ऑक्टोबरात खटला चालला, त्यात पोटच्या त्या मुलाशीच तिने कुकर्म केल्याचा आरोप ठेवला. तेव्हा तिने तेथे बसलेल्या आयांनाच साकडे घातले, आणि तिला शिव्या घालायला आलेल्या बायकाही हेलावल्या. १६ ऑक्टोबरला तिचाही शिरच्छेद झाला. चढताना जल्लादाच्या पायावर पाय पडला म्हणून तिने त्याची क्षमा मागितली, असे सांगतात. वय अडतिसाच्या आतच होते.

मुलगा १७९५ मध्ये कैदेतच, दहा वर्षांचा होऊन गेला. पुढे कित्येक तोतये तो मीच म्हणून उभे राहिले. परंतु शव तपासणाऱ्या डॉक्टराने त्याचे काळीज चोरून जपले होते. ते अनेकांच्या हातांतून फिरत राहिले. २००० साली त्याची डीएनए तपासणी करून आईच्या केसांशी ताडून पाहिली, आणि ती जुळली. ८ जून २००४ रोजी, त्याच्या मृत्यूच्याच तिथीला, ते सँ-दनीच्या चर्चमध्ये, जेथे त्याचे आईबाप पुरले आहेत तेथे ठेवले.