अंकांचे सोबती : कापरेकर गुरुजी

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्यासाठी लागणारी आकडेमोड मुलगाही शिकला आणि आकड्यांत रमला. ठाण्यात शालेय शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले. १९२९ साली पदवी घेऊन ते नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले.

संख्यांचे गुणधर्म शोधणे हाच त्यांचा छंद होता. तुम्ही १४२८५७ ही संख्या घ्या. तिचा वर्ग २०४०८१२२४४९ आहे. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करा. त्यांची बेरीज पुन्हा १४२८५७ च येते! अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात.

पण त्यांच्या हयातीत अनेक गणितज्ञांना हे सारे पोरखेळासारखे वाटे. कापरेकरांनी मनाला लावून घेतले नाही. आपल्या शोधांच्या काही पुस्तिका त्यांनी स्वतःच छापून घेतल्या. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरत नसे, म्हणून ते शिकवण्या घेत. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने एका प्रसिद्ध मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष देवळालीकडे गेले. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध म्हणजे ६१७४. हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. तुम्हीही तो करून पाहू शकता. चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा हेच करा. (उर्दू उजवीकडून लिहिली तरी अंक आपण डावीकडूनच लिहितो, तेव्हा गोंधळ होणार नाही.)

नांदेडचा दूरध्वनी संकेतांक ०२४६२ आहे. पहिले शून्य सोडून द्या.

६४२२ − २२४६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

दोनच पायऱ्यांत आपण पोहोचलो. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येईल. कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. लातूरच्या ०२३८२ ला किती लागतात माहीत आहे? पुरत्या सात! २३८२ पासून सुरुवात करा. पहिले उत्तर ६०८४ येते. पुढच्या वजाबाकीत त्यातले शून्य विसरू नका : ८६४० − ०४६८. उरलेल्या पायऱ्या वहीत तुम्ही करा.