मेंडेलीव्ह : काचेचा कारखाना चालवणाऱ्या मातेचा पुत्र

रसायनशास्त्राला आवर्तसारणी देणारे रशियन शास्त्रज्ञ दिमित्री इवानोविच मेंडेलीव्ह यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८३४ रोजी पश्चिम सायबेरियातील तोबोल्स्क येथे झाला. दहाहून अधिक भावंडांतील हे शेंडेफळ. वडील इवान पावलोविच हे तेथील माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. मात्र दिमित्रीच्या जन्माच्याच वर्षी त्यांची दृष्टी गेली आणि पाठोपाठ पदही गेले. हाती येणारे निवृत्तिवेतन एवढ्या मोठ्या संसाराला पुरणारे नव्हते.

आई मारिया दिमित्रियेव्हना या कॉर्निलेव्ह घराण्यातील. सायबेरियातील आरंभीचा छापखाना याच घराण्याने काढला होता. मुलींना शाळेत धाडण्याची रीत त्या काळी नव्हती. मारिया यांनी भावाच्या अभ्यासासोबत स्वतःचा अभ्यास करून विद्या मिळवली. पतीला अंधत्व आल्यावर, मॉस्कोत राहणाऱ्या भावाच्या मालकीचा अरेम्झ्यान्का गावातील काचेचा कारखाना त्यांनी चालवावयास घेतला. मजुरांचे वेतन, मालाची विक्री, आजारी पतीची शुश्रूषा आणि मुलांचे शिक्षण हे सारे एकट्या स्त्रीने सांभाळले. भट्टीत वाळू वितळून तिची काच होताना पाहणे हा दिमित्रीच्या बालपणीचा नित्याचा अनुभव होता. पुढे काचकामाविषयी त्यांनी लेखनही केले.

शाळेत हा मुलगा सर्वच विषयांत हुशार होता असे नव्हे. गणित व भौतिकशास्त्रात त्याची गती चांगली होती. लॅटिनचा मात्र त्याला मनस्वी तिटकारा होता आणि गुणपत्रिकेत ते स्पष्ट दिसे. १८२५ मध्ये झारविरुद्ध उठाव करून सायबेरियात हद्दपार झालेल्या सुशिक्षितांचा तोबोल्स्कमध्ये वावर होता. त्यांपैकी निकोलाय बसार्गिन यांच्याशी दिमित्रीची थोरली बहीण ओल्गा हिचा विवाह झाला. या मंडळींच्या सहवासाचा लाभ त्याला शाळेबाहेर मिळाला.

१८४७ मध्ये वडिलांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी कारखाना आगीत भस्मसात झाला. उपजीविकेचे साधन संपले, तेव्हा मारिया यांनी पन्नाशी ओलांडलेली होती. उरलेल्या पैशांवर त्या तोबोल्स्कमध्येच कसेबसे दिवस काढू शकल्या असत्या. त्यांनी ती शिल्लक धाकट्या मुलाच्या शिक्षणासाठी वेचण्याचे ठरवले. १८४९ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या पंधरा वर्षांच्या दिमित्रीला आणि कन्या एलिझाव्हेताला घेऊन त्या मॉस्कोकडे निघाल्या. अंतर दोन हजार किलोमीटरहून अधिक होते आणि सायबेरियात रेल्वे यायला अजून अनेक दशके अवकाश होता. सारा प्रवास घोडागाडीने झाला.

मॉस्को विद्यापीठाने प्रवेश नाकारला. कारण गुणवत्तेचे नव्हते. तोबोल्स्कची शाळा कझान शिक्षण विभागात मोडत असल्याने तेथील विद्यार्थ्याने कझानच्याच विद्यापीठात जावे, असा नियम होता. मॉस्कोत भावाचे घर आणि ओळखी असूनही नियमापुढे काही चालले नाही. कोणत्याही काळात कागदावरच्या सीमेने किती विद्यार्थ्यांची वाट अडवली असेल, याची गणती नाही.

मारिया माघारी फिरल्या नाहीत. १८५० मध्ये त्या मुलांसह सेंट पीटर्सबर्गला गेल्या. मॉस्कोहून तेथे जाणारी रेल्वे १८५१ मध्ये सुरू झाली, म्हणजे हाही प्रवास गाडीरस्त्यानेच. राजधानीतील मुख्य अध्यापन संस्थेत दिमित्रीचे वडील शिकले होते. त्या वर्षी तेथे नवे प्रवेश होणार नव्हते. परंतु वडिलांच्या एका जुन्या मित्राने शब्द टाकला आणि दिमित्रीला सरकारी खर्चाने शिकण्याची परवानगी मिळाली. शिक्षणानंतर ठरावीक काळ शिक्षकी पेशा करावा, ही त्याची अट होती.

मुलगा संस्थेत दाखल झाल्यावर काही आठवड्यांतच, १८५० च्या शरद ऋतूत, मारिया यांनी देह ठेवला. सोबत आलेली बहीणही फार काळ जगली नाही. परक्या शहरात पोरका झालेला हा विद्यार्थी स्वतःही आजारी पडला. थुंकीतून रक्त पडू लागले, क्षयाचे निदान झाले. रुग्णालयातील खाटेवरूनही त्याने अभ्यास चालू ठेवला आणि १८५५ मध्ये सुवर्णपदकासह पदवी मिळवली. हवापालटासाठी क्रिमियात शिक्षक म्हणून नेमणूक झाली, पण युद्धामुळे तेथील शाळा बंद होती. प्रसिद्ध शल्यचिकित्सक पिरोगोव्ह यांनी तपासणी करून क्षयाची भीती निराधार ठरवली.

त्यापुढील वाटचाल सर्वश्रुत आहे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे संशोधन करून मेंडेलीव्ह मायदेशी परतले आणि सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८६९ मध्ये तोवर ज्ञात असलेल्या ६३ मूलद्रव्यांची त्यांनी अणुभारानुसार मांडणी केली आणि रिकाम्या जागा सोडल्या. त्या जागी येणाऱ्या मूलद्रव्यांना त्यांनी दिलेल्या तात्पुरत्या नावांत संस्कृतमधील ‘एक’ हा शब्द उपसर्ग म्हणून वापरला, ही भारतीय वाचकाला कौतुकाची बाब वाटेल. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये सापडलेले गॅलियम हेच त्यांचे ‘एक-ॲल्युमिनियम’ होते. शोधकर्त्याने आधी मोजलेली घनता ४.७ होती, मेंडेलीव्ह यांनी ती ५.९ च्या आसपास असावी असे कळवले, आणि फेरमोजणीत तेच खरे ठरले. स्कँडियम १८७९ मध्ये व जर्मेनियम १८८६ मध्ये सापडले.

या यशानंतर, आई जाऊन ३७ वर्षे झाली असता, १८८७ मध्ये जलीय द्रावणांच्या विशिष्ट गुरुत्वावरील आपला ग्रंथ मेंडेलीव्ह यांनी तिच्या स्मृतीस अर्पण केला. आकड्यांनी भरलेल्या त्या ग्रंथाच्या प्रारंभी, तिने कारखाना चालवून आपल्याला वाढवले, उदाहरणाने शिकवले, मायेने चुका सुधारल्या आणि विज्ञानाच्या हाती सोपवण्यासाठी शेवटचा पैसा व शेवटची शक्ती खर्चून सायबेरियाबाहेर आणले, असे त्यांनी नमूद केले आहे. अर्पण करणाऱ्याने स्वतःची ओळख तिचे सर्वांत धाकटे अपत्य अशी दिली होती.