हवेची धाव

जुन्या बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडाची धाव चढवीत असे. विस्तवात लाल केलेली धाव चाकावर बसवून तीवर पाणी ओतले, म्हणजे ती आकसून चाकाला घट्ट आवळी. अशा धावेमुळे चाक झिजत नसे; परंतु दगडाधोंड्यांच्या वाटेने गाडी चालू लागली, की आत बसलेल्या माणसाची हाडे खिळखिळी होत. लोखंडाऐवजी हवेची धाव चाकावर चढवून ज्यांनी ती जगभर चालती केली, ते जॉन बॉइड डनलॉप लोहारही नव्हते आणि यंत्रशास्त्रज्ञही नव्हते. ते गुराढोरांचे वैद्य होते.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. जन्म वेळेपूर्वी दोन महिने झाला असल्यामुळे आपली प्रकृती नाजूक आहे, अशी त्यांची लहानपणापासून समजूत होती, आणि ती ते जन्मभर जपत राहिले. वस्तुतः त्यांना मोठे असे दुखणे कधी आलेच नाही, व एक्याऐंशी वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले! एडिंबरो येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन एकोणिसाव्या वर्षीच ते या व्यवसायात शिरले. पुढे १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले व काही वर्षांनी बेलफास्ट शहरात स्थायिक झाले. आयर्लंड त्या काळी ब्रिटनच्याच राज्यात होते. मनमिळाऊ स्वभाव, दाट दाढी आणि हातात कसब अशा या वैद्याचा लौकिक थोड्याच काळात दूरवर पसरला. आपल्या कामाला लागणारी रबराची काही साधने ते घरीच तयार करीत. पुढे जे घडले, त्याचे बीज या लहानशा सवयीत होते.

त्या काळच्या सायकलींविषयी थोडे सांगितले पाहिजे. प्रारंभीच्या सायकलीचे पुढचे चाक पुरुषभर उंच असे आणि मागचे अगदी चिमुकले. स्वार उंचावर बसे. एखादा दगड आडवा आला, की तो डोक्यावर कोसळण्याचे भय असे. १८८५ मध्ये कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन्ही चाके जवळजवळ सारखी आणि मागच्या चाकाला साखळी असलेली सुरक्षित सायकल बाजारात आणली. पडण्याचे भय पुष्कळ कमी झाले. परंतु एक नवीच अडचण उभी राहिली. मोठे चाक लहान खळग्यांवरून सहज निघून जाई. लहान चाक मात्र प्रत्येक खळग्यात उतरे आणि प्रत्येक खड्यावर चढे. चाकांना भरीव रबराची कडा असे, तिचा उपयोग बेताचाच होई. खडीच्या रस्त्यावरून कोसभर जावे, तो हात बधिर होत आणि पाठीचा कणा ठणकू लागे.

डनलॉप यांचा मुलगा जॉनी त्या वेळी नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्या प्रकृतीसाठी त्याला सायकलीचा व्यायाम द्यावा, असा सल्ला घरोब्याच्या एका डॉक्टरांनी दिला होता. मुलाजवळ तीन चाकांची सायकल होती. परंतु बेलफास्टच्या फरसबंद रस्त्यांवर ती अशी धडधडे, की व्यायामापेक्षा त्रासच अधिक व्हावा. मुलाची ही तक्रार दुसऱ्या एखाद्या पित्याने हसण्यावारी नेली असती. डनलॉप यांनी ती मनावर घेतली. चाक आणि रस्ता यांच्यामध्ये असे काही घालता येईल काय, की जे दगडाचा धक्का स्वतःच गिळून टाकील, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला.

१८८७ च्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी पहिला प्रयोग केला. लाकडाची एक मोठी गोल तबकडी घेतली. पातळ रबराची नळी करून ती तिच्या कडेभोवती गुंडाळली, आणि नळी जागची हलू नये म्हणून तिच्यावर लिननचे कापड ताणून चुकांनी ठोकले. बेलफास्ट हे लिननसाठी प्रसिद्ध असलेले शहर. तेव्हा कापडाला तोटा नव्हता. फुटबॉल फुगविण्याच्या पंपाने त्यांनी नळीत हवा भरली. नंतर जॉनीच्या सायकलीचे एक चाक सोडवून आणले व दोन्ही चाके एकामागून एक अंगणातून सोडून दिली. सायकलीचे चाक अंगण संपण्यापूर्वीच डगमगले आणि आडवे झाले. हवेचे चाक मात्र अंगणभर धावत गेले, पलीकडच्या फाटकाच्या खांबावर आदळले आणि उसळी मारून परतले. त्या क्षणी डनलॉप यांच्या ध्यानात आले, की आपण शोधत होतो त्याहून मोठी गोष्ट हाती लागली आहे. त्यांना सुख हवे होते, आणि सुखाबरोबर वेगही आला होता.

असे का व्हावे? भरीव चाकाखाली खडा आला, म्हणजे चाक, सायकल आणि वर बसलेला स्वार ही सगळी वर उचलली जातात व पुन्हा आदळतात. प्रत्येक खड्यावर स्वाराचे थोडे थोडे बळ अशा रीतीने फुकट जाते. हवेचा टायर मात्र खड्याभोवती दबतो. सायकल वर उचलली न जाता पुढे सरकते आणि खडा मागे पडताच आतील हवा टायरला पुन्हा मूळ आकार देते. आज वेल्समधील कोइड-अ-ब्रेनिन किंवा स्कॉटलंडमधील ग्लेनट्रेस येथील अरण्यांत डोंगरी सायकलीवरून हिंडणारी मंडळी मुळे, चिखल आणि खडक यांनी भरलेल्या वाटा उतरतात, त्या याच तत्त्वाच्या बळावर. त्यांचे टायर चांगले जाडजूड असतात. आणि वाट फार खडबडीत असली, तर ती मंडळी त्यांतील थोडी हवा मुद्दाम सोडून देतात, म्हणजे टायर खडकावर अधिक पसरतो व निसटत नाही.

१८८८ च्या आरंभी जॉनीच्या सायकलीच्या मागच्या दोन्ही चाकांवर हवेचे टायर चढले. मुलाच्या आनंदाला पारावार राहिला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये डनलॉप यांनी पेटंटसाठी अर्ज केला व डिसेंबरात ते त्यांना मिळाले. पेटंट म्हणजे ती वस्तू ठराविक काळपर्यंत दुसऱ्या कोणी करू अथवा विकू नये, असा सरकारने शोधकाला दिलेला हक्क होय.

लोकांना मात्र हे फुगीर टायर पाहून हसू येई. सडपातळ सायकलीखाली हे लोड कशाला बांधले आहेत, असे त्यांना वाटे. बेलफास्टच्या एका सायकल क्लबचा कप्तान विली ह्यूम याने तशी एक सायकल विकत घेतली. तीवर बसून शर्यतीत उतरावे, असे डनलॉप यांनी त्याला सुचविले. १८ मे १८८९ रोजी बेलफास्ट येथील क्वीन्स कॉलेजच्या सामन्यांत ह्यूम मैदानावर आला, तेव्हा प्रेक्षकांत हशा पिकला. शर्यत सुरू झाली आणि हशा विरला. त्या दिवशीच्या चारही सायकल शर्यती ह्यूमने जिंकल्या. थोड्याच दिवसांनी लिव्हरपूल येथे तो एक सोडून सगळ्या शर्यती जिंकून आला. हरलेल्यांमध्ये डब्लिनचे एक व्यापारी हार्वे ड्यू क्रॉस यांचे मुलगे होते. मुलांच्या पराभवाने बाप चिडला नाही. त्याने जिंकणाऱ्याचे चाक निरखून पाहिले. त्याच वर्षी ड्यू क्रॉस यांच्या पुढाकाराने टायर करणारी कंपनी डब्लिनमध्ये उभी राहिली आणि डनलॉप यांनी आपले पेटंट तिच्या स्वाधीन केले.

यानंतर लवकरच तो आघात झाला. १८९० मध्ये पेटंट कचेरीकडून कळले, की डनलॉप यांचे पेटंट टिकणारे नाही. कारण हाच शोध पूर्वी एकदा लागून गेला होता. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटलंडच्याच तेवीस वर्षांच्या तरुणाने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकांचे पेटंट घेतले होते. त्याने कॅनव्हास आणि रबर यांच्या नळीवर चामड्याचे वेष्टन चढविले, ते घोडागाडीच्या चाकांना बसविले आणि लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये ती गाडी चालवून दाखविली. त्याचा एक संच तर सुमारे १,२०० मैल चालला. तथापि ती चाके महाग पडत, आणि ज्या वाहनाला त्यांची खरी निकड होती ती सायकल तेव्हा रस्त्यावर आलेलीच नव्हती. लोक थॉमसन यांचा हा शोध विसरले. १८७३ मध्ये ते वारले, त्या वेळी डनलॉप आयर्लंडमध्ये जनावरांना औषधपाणी करीत होते. थॉमसन यांच्या टायरची त्यांना वार्ताही नव्हती.

आपण ज्यासाठी रात्रंदिवस खपलो, ती वस्तू आपल्या जन्मानंतर पाचच वर्षांनी दुसऱ्या कोणी करून ठेवली होती, हे कळणे सोपे नव्हे. पेटंटाचा आधार सुटला. आता कोणीही उठून तसा टायर करावा, अशी स्थिती झाली. कंपनी बुडते की काय, असे वाटू लागले.

कंपनी तरली, ती टायरमधील एक मोठा दोष दूर झाल्यामुळे. डनलॉप यांचा मूळ टायर चाकाला डिंकासारख्या रबरी द्रवाने चिकटविलेला आणि कापडाने गुंडाळलेला असे. पंक्चर झाले, की ती सगळी गुंडाळी उलगडावी लागे. भोक शोधून ठिगळ लावावे, पुन्हा सर्व चिकटवावे आणि ते वाळेपर्यंत वाट पाहावी. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च यांनी टायरच्या दोन्ही कडांत तारा घालण्याची युक्ती काढली. विल्यम बार्टलेट यांनी चाकाच्या वाकविलेल्या कडेत टायर अडकविण्याची दुसरी रीत शोधली. अशा रीतींनी टायर काही मिनिटांत उतरविता व चढविता येऊ लागला. कंपनीने या दोघांचीही पेटंटे विकत घेतली. सायकलवाला टायर सोडवून ट्यूब बाहेर ओढतो, घमेल्यातील पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतो, भोकाभोवती कानस घासून ठिगळ लावतो, हे दृश्य तुम्ही पाहिले असेल. ते सारे या तारांमुळे शक्य झाले. आपल्या साध्या सायकलीची हवा अडवून धरणारी ती बारीक रबरी व्हॉल्व्ह-ट्यूबदेखील त्याच काळातली. वुड्स नावाच्या गृहस्थाने ती १८९१ मध्ये शोधली.

कारखान्याचा व्याप वाढला. रबराच्या वासामुळे डब्लिनची नगरपालिका कुरकुर करू लागली, तेव्हा टायर करण्याचे काम इंग्लंडमध्ये हलले. डनलॉप यांचा जीव मात्र या व्यवहारात रमला नाही. १८९५ मध्ये ते कंपनीतून निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी ती ३० लक्ष पौंडांना विकली गेली, आणि विकत घेणाऱ्याने ती पुन्हा ५० लक्षांना उभी केली. आता तिच्याशी डनलॉप यांचा काही संबंध उरला नव्हता. त्या संपत्तीचा मोठा वाटा त्यांच्याकडे आलाच नाही. उरले ते नाव. पृथ्वीवरील लक्षावधी चाकांवर त्यांचे नाव छापलेले होते आणि त्या नावाचा धनी डब्लिनमध्ये एका कापडाच्या व्यवसायात लक्ष घालीत शांतपणे राहत होता. आपल्या टायरची हकीकत त्यांनी लिहून ठेवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कन्येने ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

२३ ऑक्टोबर १९२१ रोजी थोड्याशा सर्दीचे निमित्त होऊन डब्लिन येथे डनलॉप यांचे निधन झाले. उत्तर आयर्लंडमधील एका बँकेने पुढे आपल्या १० पौंडांच्या नोटेवर त्यांचे दाढीधारी चित्र छापले. थॉमसन यांचीही आठवण बुजू दिली गेली नाही. स्टोनहेवन या त्यांच्या गावी जन्मस्थानी फलक बसविण्यात आला. डनलॉप यांनी हाताने केलेला सायकलीचा जुना टायर एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. ज्या शहरात डनलॉप पशुवैद्यक शिकले, त्याच शहरात थॉमसन यांनी देह ठेवला होता.