देवासच्या दरबारातला कादंबरीकार

धार आणि देवास ही माळव्यातली पवारांची संस्थानं. देवासची तर गंमतच. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती, म्हणजे दोन राजे आणि दोन दरबार! थोरल्या पातीच्या दरबारात १९२१ साली एक इंग्रज खाजगी चिटणीस म्हणून काम करायचा. त्याचं नाव ई. एम. फॉर्स्टर. आपल्यापैकी बरेच जण त्याला ‘अ पॅसेज टु इंडिया’चा लेखक म्हणून ओळखतात. मला मात्र त्याने केलेल्या नोकऱ्यांबद्दल लिहायचंय.

फॉर्स्टरचा जन्म १८७९ चा. १९०६ मध्ये त्याने सय्यद रॉस मसूद या हिंदी तरुणाची लॅटिनची शिकवणी घेतली. शिकवणी संपली, मैत्री राहिली. त्या ओढीनेच तो १९१२ मध्ये पहिल्यांदा भारतात आला. बिहारमधल्या बराबरच्या गुंफा त्याने पाहिल्या. देवासलाही गेला, कारण तुकोजीराव पवारांचे जुने शिक्षक माल्कम डार्लिंग हे त्याचे कॉलेजमधले मित्र. हे तुकोजीराव म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई.

परत गेल्यावर त्याने भारतावरची कादंबरी लिहायला घेतली आणि ती मध्येच अडकली. नुसता प्रवास पुरला नाही, असं मला वाटतं. पाहुण्याला देखावा दिसतो, घर दिसत नाही.

पुढे महायुद्ध आलं. रेडक्रॉसतर्फे तो अलेक्झांड्रियात गेला. इस्पितळातल्या जखमी सैनिकांना भेटून बेपत्ता झालेल्यांचा माग काढायचा, हे त्याचं काम. तुझ्या सोबत्याला शेवटचं कुठे पाहिलंस, हे रोज विचारायचं. अशा कामात माणसाच्या आठवणीवर किती भरवसा ठेवायचा हे कळतच असेल. त्याच्या कादंबरीत गुंफेमध्ये नेमकं काय घडलं हे शेवटपर्यंत उलगडत नाही. माझ्या मते त्याचं एक मूळ या इस्पितळात असावं.

मग १९२१ ची देवासची नोकरी. जेमतेम सहा महिन्यांची. बागा, मोटारी, पाहुण्यांचा बंगला, वीजघर असलं सगळं त्याच्याकडे. यातलं फारसं काही त्याला येत नव्हतं! पण गोकुळाष्टमी त्याने आतून पाहिली. अनवाणी फिरला, रात्रंदिवस चाललेला गोंगाट ऐकला. त्याला तो गोंधळ वाटला, आणि त्यातलं काहीतरी मनाला भिडलंही. फोटोंचं काम त्याने पत्रांकडून करून घेतलं. आईला आणि मित्रांना तो बारीकसारीक सगळं कळवायचा.

इंग्लंडला परतल्यावर अडकलेली कादंबरी सुटली. १९२४ मध्ये ती छापून आली. तिचा तिसरा भाग गोकुळाष्टमीने सुरू होतो, आणि तिथे भजन म्हणायला उभे आहेत प्राध्यापक गोडबोले. आडनाव आपलं, आणि भजनात हाक तुकारामांना! इंग्रजी कादंबरीत आपले तुकोबा पोचले ते देवासच्या वाटेने.

यानंतर फॉर्स्टर १९७० पर्यंत जगला, पण नवी कादंबरी लिहिली नाही. इकडे तुकोजीरावांचं संस्थान कर्जात बुडालं. १९३३ च्या अखेरीस ते पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. सरकारदरबारी त्यांची नाचक्की झाली होती. तेव्हा फॉर्स्टरने जुनी पत्रं बाहेर काढली आणि १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक केलं. ही देवी म्हणजे देवासच्या टेकडीवरची. त्यात त्याने महाराजांचा अव्यवहारीपणा झाकला नाही आणि त्यांच्यावरची मायाही लपवली नाही. मला हे पुस्तक कादंबरीइतकंच मोलाचं वाटतं. ज्याच्या घरातून कादंबरीचा ऐवज नेला, त्या यजमानाच्या पडत्या काळाची आठवण लेखकाने ठेवली.

मंडळात आपण कथा लिहितो तेव्हा नोकरी किंवा शिकवणी लिहिण्याच्या आड येते अशी तक्रार असते. फॉर्स्टरची कादंबरी प्रवासाने सुरू झाली, पण पुरी झाली ती नोकरीनंतरच. तेव्हा शिकवण्या घेत राहा, आणि घरी सविस्तर पत्रं लिहा.